टकळीचा चौकोन

२ जून, सेंट अँथनी, न्यूफाउंडलंड
गावाच्या गोधडीत मलाही एक चौकोन मिळाला. शिवून झाल्यावर बारा इंच. विषय : इथले व्हायकिंग. होय म्हणून आले खरी.

४ जून
शिंगांचं शिरस्त्राण मुळीच नको. ती शिंगं एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराची. जहाज तिघींनी आधीच धरलंय.

७ जून
सुट्टी. व्हायकिंगांच्या जुन्या वस्तीवर, लान्स ओ मेडोजला गेले. समुद्रात हिमनग, वाऱ्याने डोळ्यांत पाणी. आणि बघायला काय, तर गवताचे उंचवटे. मातीच्या ढेपांच्या आठ इमारती होत्या इथे. गावकऱ्यांना तो जुना 'इंडियन', म्हणजे इथल्या आदिवासींचा, तळ वाटायचा. १९६० मध्ये जॉर्ज डेकर या कोळ्याने ते उंचवटे व्हायकिंगांच्या खुणा शोधत आलेल्या हेल्गे इंगस्टाडना दाखवले. खोदकाम मात्र त्यांच्या बायकोने चालवलं, अ‍ॅन स्टिनने. नाव नेहमी नवऱ्याचं आधी येतं.

८ जून
खोदकामात सापडलेलं : लोखंडी खिळे, ब्राँझची टाचणी, बटरनट अक्रोड. हे अक्रोड या बेटावर उगवतच नाहीत, म्हणजे मंडळी आणखी दक्षिणेला जाऊन आली होती. आणि मऊ दगडाची एक वाटोळी चकती, मधोमध भोक.

रात्री आईला फोनवर चित्र दाखवलं. "अगं, ही तर टकळीची चकती! तुझी आजी कातायची ना?"
म्हणजे बाई होती तिथे. सूत कातणारी.
ठरलं.

११ जून
कापड बरोब्बर बारा इंच कापलं. शिलाईची पाव-पाव इंच माया विसरले. चिडचिड. दुकान बंद.

१२ जून
आईच्या जुन्या इरकलीचा काठ चारी बाजूंनी जोडला. माप जमलं. हिरव्या गवतावर लाल काठ जरा भडक दिसतो. दिसू दे.

१५ जून
करडं वर्तुळ बसेना. कडेला सुरकुत्या. उसवलं. कड दुमडायच्या आत बारीक काप दिले, मग बसलं. भोवती धावदोरा, आजीसारखा बाहेरून आत. अंगुस्तान सापडत नाही, बोटाची चाळण.

१९ जून
कोपऱ्यात १०२१. धातूच्या हत्याराने त्या साली तोडलेलं लाकूड लान्स ओ मेडोजला मिळालं. आकडे देवनागरीतच घातले. विचारलं तर सांगेन.

२२ जून
कुणीच विचारलं नाही. सगळे चौकोन टेबलावर मांडले. माझ्या शेजारी शिंगवाला. दोघांमधली शिवण माझ्याकडेच आली.