पिवळ्या रंगाची नोंद

नेरे येथे बसून गेल्या पावसाळ्यात आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांचा तक्ता संगणकावर आवरावयास घेतला. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात; आमच्या जेमतेम दोन हजार. तरीही वाट चुकत असे. एका तरुणाने शिकविले, 'फादर, कंट्रोलबरोबर बाणाची कळ दाबा, थेट शेवटच्या नोंदीवर जाल. वरची ओळ गोठवून ठेवा, म्हणजे रकान्यांची नावे दिसत राहतील.'

मग आम्हांस आवराआवरीची चटकच लागली. अक्षरांचे नाना आकार, नाना रंग! सारा तक्ता निवडून आम्ही ते एका फटक्यात पुसले आणि समाधान पावलो.

महिन्याभराने लग्नाच्या वाढदिवसाची शुभेच्छापत्रे गेली. एक माउली आपले पत्र घेऊन दारी आली. 'फादर, हे जाऊन वर्ष झालं. मिस्सा तुम्हीच केली होती.' आम्ही निरुत्तर झालो. पूर्वीचा लेखनिक दिवंगतांची नावे पिवळी करीत असे व पत्रे काढताना ती वगळीत असे. आम्ही जिला सजावट समजलो, ती नोंद होती.

१५६३ साली त्रेंतच्या धर्मसभेने धर्मगुरूंना विवाहांची वही राखण्यास सांगितले. स्नानसंस्काराच्या वहीत आजही पुढे झालेल्या विवाहाची नोंद समासात शब्दांनी होते, रंगाने नव्हे. सुदैवाने तक्त्याची जुनी प्रत सापडली. रंगावरून नावे गाळून घेऊन आम्ही 'दिवंगत' असा स्वतंत्र रकाना केला, त्यात तारखा भरल्या आणि मगच रंग पुसला.

त्या माउलीच्या घरी मात्र आम्ही स्वतः गेलो.