गच्चीवर अडकलेली हवा

उत्तरायणाला सारं वडोदरा गच्चीवर असतं. यंदा तो सण सरला आणि आमच्या सोलरचं पाणी गार येऊ लागलं. थंडीत आईचे गुडघे आखडतात, गरम पाण्याची आंघोळ हाच तिचा उतारा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला बेळगावला सोड. तिथं हंडे तरी आहे." मनाला लागलं.

दुपारी वर गेलो. पाइप पॅनेलजवळ चटका बसेल इतका तापलेला, टाकीजवळ मात्र थंड. आईला सांगितलं. "हंड्यातही गरम पाणी आपणहून वर येतं की. वाट अडली असेल बघ."

खरंच होतं. आमच्या सोलरला पंप नाही. तापून हलकं झालेलं पाणी टाकीत चढतं, थंड पाणी पॅनेलमध्ये उतरतं. पतंगाच्या धांदलीत कुणाचा तरी पाय पडून पाइप टाकीजवळ दबला होता. त्याच्या अलीकडच्या उंचवट्यात हवा साठली होती.

सकाळी ऊन चढण्याआधी सांधा सैल करून हवा सोडली आणि पाइप टाकीपर्यंत चढता बांधला. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून हाक आली, "साकप्पा, साक! थोडं गार पाणी दे."

बेळगावचा विषय पुन्हा निघाला नाही.