पन्नास खळग्यांची फळी

इंजिनिअरिंगच्या मुलांना मी क्वालिटी कंट्रोल शिकवायला लागलो, तेव्हा फळ्यावर कंट्रोल चार्टचा आलेख, म्हणजे योगायोगाचा चढउतार आणि खरा बिघाड वेगळे दाखवणारा, काढायचो आणि मुलं तो वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत गणितं सुटायची. पण शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत प्रोजेक्ट करून आलेला मुलगा रिजेक्शनचं कारण बिनदिक्कत लिहायचा, ‘कामगारांचा निष्काळजीपणा.’ मीही त्याला मार्क द्यायचो.

क्वालिटी कंट्रोलचे जाणकार डेमिंग यांचा लाल मण्यांचा खेळ वर्गात करायचं ठरवलं, तेव्हा ५० खळग्यांची फळी हवी होती. वर्कशॉपच्या मामांनी ती सागवानाच्या तुकड्यातून करून दिली. डब्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल. फळी बुडवायची, ५० मणी उचलायचे. पांढरा तो चांगला माल, लाल तो खराब. सरासरी १० लाल निघणार. २ निघोत की १८, उचलणाऱ्याचा त्यात गुणही नाही नि दोषही नाही. तरी मास्तरनं मालक व्हायचं, कमी लालवाल्याची पाठ थोपटायची, जास्तवाल्याला झापायचं.

पहिल्याच दिवशी एक ‘कामगार’ कमी पडला, म्हणून मामांना उभं केलं. त्यांच्या फळीत १५ लाल आले. मी रंगात आलो होतो. ‘‘उद्यापासून घरी बसा,’’ म्हणालो. मुलं हसली. मामांचा चेहरा उतरला. हे नाटक आहे, हे त्यांना सांगायचं मी विसरलो होतो. मुलांनी मोडलेल्या ड्रिलचा मेमो याच माणसाच्या हातात पडलेला मी पाहिला होता.

‘‘सर,’’ ते म्हणाले, ‘‘डब्यात लाल मणी भरलं कुणी, ते इचारा की आधी.’’

पुढचा सगळा तास त्या एका वाक्यावर गेला. शूहार्टनं १९२४ साली एका पानात मांडलेला कंट्रोल चार्ट मी खऱ्या अर्थानं त्या दिवशी शिकवला. की शिकलो?

तास संपल्यावर माफी मागायला वर्कशॉपमध्ये गेलो, तर मामा पॉलिश पेपरनं खळगे घासत बसलेले. दोष फळीत तर नाही ना, ही त्यांची शंका. डेमिंग यांच्याकडच्या वेगवेगळ्या फळ्यांची सरासरीही वेगवेगळी यायची, हे मी फार उशिरा वाचलं. तोवर मामा निवृत्त झाले होते. मुद्दाम त्यांच्या गावी जाऊन सांगितलं. चहा ओतता ओतता त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘कोपऱ्यातला एक खळगा उथळ ऱ्हायलाय,’’ म्हणाले. ‘‘पुढच्या वक्ताला फळी घिऊन या.’’