दांड्याचा किनारा

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर संध्याकाळी फिरायला येणारी बहुतेक माणसं पदपथ संपला की मागे वळतात. मला तिथून पुढे जायला आवडतं, कारण पुढे खारदांडा हा कोळीवाडा आहे. वाऱ्याला आधी मावऱ्याचा वास येतो, मग होड्या दिसतात, आणि ऊन असेल तर वाळवणाच्या वलांडीवर टांगलेले बोंबील.

हा सारा किनारा हवापालटाचा. 1845 साली माहीमचा कॉजवे झाला आणि वांद्र्याला येणं सोपं झालं. समुद्राकाठी बंगले उठत गेले. उत्तरेला जुहू. शस्त्रक्रियेनंतर 1924 मध्ये आणि कारावासातून सुटल्यावर 1944 मध्ये गांधीजी विश्रांतीला तिथेच राहिले होते. वांद्रे आणि जुहू यांच्या मधोमध दांड्याचे कोळी भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळत राहिले. पाहुण्यांच्या आठवणी पुस्तकांत गेल्या, कोळीवाड्याच्या मात्र घराघरांतच राहिल्या. याचं मला वाईट वाटतं.

किनारा पूर्णपणे पाहुण्यांचा झाला की काय होतं, याचं उदाहरण भूमध्य समुद्रावर स्पेनमध्ये आहे: बेनिडॉर्म. तेही मूळचं मासेमारांचंच गाव. 1956 साली तिथे नगरविकासाचा आराखडा झाला, पर्यटक लोटले आणि आज वाळूमागे गगनचुंबी इमारतींची रांग उभी आहे. पुळण तीच, जाळी गेली. दांड्याच्या अंगावरही इमारती आल्या आहेत, समोरच्या पाण्यात वांद्रे–वर्सोवा सागरी सेतूचं काम आहे. पण होडी अजून निघते.

ती कशी निघते ते पाहायला हवं. बोंबील डोलीत सापडतो. पिशवीसारखं हे जाळं प्रवाहात रोवून ठेवायचं. मासा ओढून आणण्याचं काम भरती-ओहोटीचं. म्हणून कोळ्याचं घड्याळ चंद्रावर चालतं, मध्यरात्र असो की पहाट. आणलेला बोंबील पाण्यानं भरलेला, हातात धरवत नाही इतका मऊ. बायका दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टाकतात. ऊन-वारा नीट मिळाला तर दोन-तीन दिवसांत कडक होतो. पावसाळ्यात घरोघरी जे सुकं शिजतं, त्यामागे हे हात आहेत. शहराला सुंदर किनारा दाखवायचा असेल, तर मी पदपथावरच्या बाकांआधी या वलांड्या दाखवीन. त्यांना लागणारी मोकळी जागा बागेइतकीच जपायला हवी.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली. मग नारळी पौर्णिमा येते, दर्याला नारळ दिला जातो. त्या दिवशी दांड्यात जावं, आणि पुढच्या हंगामात बोंबील तिथल्याच मावशींकडून घ्यावेत.