चालक तथा वाहक

सन 2019 च्या जानेवारीतली गोष्ट. रविवारची सकाळ होती, वर्ध्याला पडते तशी झकास थंडी होती, आणि माझ्या मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मराठीच्या प्राध्यापकाला उत्तरपत्रिका तपासताना काय सुख होते, याचे वर्णन मी करीत नाही. ज्यांना अनुभव हवा असेल त्यांनी एकाच कवितेचे रसग्रहण लागोपाठ साठ वेळा वाचून पाहावे. त्यामुळे फाटकाची कडी वाजली आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी आत आली, तेव्हा ती मला देवाने धाडल्यासारखीच वाटली.

"सर, समास पक्के करायचे होते," ती म्हणाली.

बी. ए. होऊन दोन वर्षे लोटल्यावर एखादी मुलगी आपण होऊन समास शिकायला येते, हा प्रसंग आमच्या धंद्यात विरळा. मी गहिवरलो. चष्मा पुसला. विचारले, "कोणती परीक्षा? तलाठ्याची?"

"नाही सर. एसटीत ड्रायव्हरची."

ओसरीवर बाबा वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ते वर्तमानपत्र खाली आले.

इथे सांगायला हवे की, माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. तेहतीस वर्षे गाडी चालवून ते 2008 साली निवृत्त झाले. हे वाक्य मी आज जितक्या सहज लिहिले, तितक्या सहज ते पूर्वी लिहीत नसे. पण ते पुढे येईलच.

मुलीचे गाव वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावरचे, म्हणजे जिल्हा यवतमाळ. शिकायला मात्र ती नदी ओलांडून आमच्याकडे आलेली. त्या वर्षी महामंडळाने दुष्काळग्रस्त जिल्ह्यांसाठी भरती काढली होती. त्या यादीत यवतमाळ होते. नदी जरा वाकडी वाहिली असती तर या मुलीचे नशीबही निराळे झाले असते! पदाचे नाव होते 'चालक तथा वाहक'. बायकांनाही अर्ज करता येत होता, आणि त्यांना हलक्या वाहनाचा परवाना असला तरी चालणार होता. जड गाडीचे शिक्षण महामंडळ देणार होते. या मुलीने चुलतभावाच्या दुधाच्या टेम्पोवर हात बसवला होता. राहता राहिली लेखी परीक्षा, आणि तीत मराठीचेही प्रश्न होते.

मी शिक्षकाच्या धर्माला जागून तिला परावृत्त करू लागलो. म्हटले, "अगं, तुझे मराठी चांगले आहे. बी. एड. कर. एम. ए. कर. पुढेमागे प्राध्यापक होशील."

"सर," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "तुम्ही तासिका तत्त्वावर किती वर्षं होता?"

मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नीट लावला आणि समासांकडे वळलो.

"हे बघ, 'बसचालक' म्हणजे बसचा चालक. षष्ठी तत्पुरुष. 'चालकवाहक' म्हणजे चालक आणि वाहक. दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची, म्हणून द्वंद्व समास."

ओसरीवरून आवाज आला, "ते भांडतेत तवाच द्वंद्व. एरवी नाई."

त्या दिवशी समास तिथेच संपले. बाबा उठून आत आले, मुलीला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि विचारले, "टेम्पो चालवतं म्हनतं. मागचं चाक कुठून जाते, सांग बरं?"

"पुढच्या चाकामागून, आबाजी."

"नाई जात," बाबा म्हणाले. "चाल अंगनात."

पुढल्या अर्ध्या तासात जे घडले ते आमच्या गल्लीला अजून आठवते. बाबांनी आपली खाट उन्हात काढायला लावली. पुढचे दोन पाय त्या मुलीने उचलायचे, मागचे मी. ती ड्रायव्हर; मी, माझ्या पदव्यांसह, मागचे चाक. तुळशीवृंदावनाला वळसा घालायचा. ती वळली, आणि मी तिच्या पावलांमागून जाण्याऐवजी आपोआप आत ओढला गेलो. माझी पोटरी वृंदावनाच्या कठड्याला घासली. दुसऱ्या खेपेस तिने वळण लांबून घेतले, तर माझ्या मागे खाटेचा जो हातभर भाग उरला होता तो उलट बाजूला फेकला गेला आणि कुंपणाच्या खांबावर आदळला. खाटेचा एक पाय मोडला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्या सौभाग्यवती हे पाहत होत्या. प्राध्यापकाशी लग्न करून आपण फसलो, हा त्यांचा जुना सिद्धान्त त्या सकाळी आणखी पक्का झाला असावा.

"समजलं?" बाबा म्हणाले. "मागचं चाक आत कापते, आन् शेपूट बाहेर फेकते. पुढचं काय, कोनालेई दिसते. शेपूट ज्याच्या ध्यानात हाये तो डायवर."

मग ती दर रविवारी येऊ लागली. तासभर मी व्याकरण घेई, नंतर बाबा परात घेऊन बसत. परातीचे चाक, पाटाखाली विटेचा तुकडा म्हणजे क्लच. बाबांची शिकवण्याची पद्धत माझ्याहून चांगली होती, हे मी कबूल करतो. मी नियम आधी सांगे आणि उदाहरण मागून देई. बाबा आधी चूक करू देत.

हवेचा धडा मला विशेष आवडला. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन सुरू केले की टाकीत हवा भरू लागते. ती पुरेशी होईपर्यंत समोरचा काटा खाली असतो आणि बझर बोंबलत राहतो. तोवर गाडी हलवायची नाही. गंमत अशी की, हवा अगदीच कमी झाली तर आजच्या गाड्यांत ब्रेक सुटत नाही, उलट आपोआप आवळला जातो. अडचणीत थांबून राहणे हा त्या यंत्राचा स्वभावच केलेला आहे. "परवाशी ओरडतेत, चला चला म्हनतेत," बाबा म्हणाले. "वरडू दे. कंडक्टरनं दोन घंट्या देल्ल्या तरी हवा भरली नसन तर हालाचं नाई."

दुसरा धडा उताराचा. ज्या गिअरवर चढ चढलो त्याच गिअरवर उतरायचे. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर बाबांच्या मते चोरापेक्षा वाईट, कारण चोर निदान सगळ्यांना घेऊन दरीत जात नाही. तिसरा आमच्या काळ्या मातीचा. पावसाळ्यात समोरून ट्रक आला तरी डांबर सोडायचे नाही. कडेची माती वरून टणक दिसते आणि चाक गेले की लोण्यासारखी होते.

पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. आमचा विदर्भ 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि मग त्या संसारात सामील झाला. बाबा लागले ते 1975 साली. डोळे तपासले, उंची मोजली, एका म्हाताऱ्या निरीक्षकाने शेजारी बसून गाडी चालवायला लावली, आणि सबंध रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही. उतरताना एवढेच म्हणाला, "घरी कोन कोन हाये?" बाबांनी सांगितले. "ध्यानात ठेव," तो म्हणाला आणि गेला. बाबा पास झाले होते. मग रोजंदारीवर काही काळ, मग कायम. मग वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, तळेगाव, या पाचही आगारांच्या गाड्या आणि मुक्कामी खेपांच्या रात्री. मुक्कामी गाडी म्हणजे शेवटच्या गावी रात्री जाऊन थांबायचे, गाडीतच अंथरूण टाकायचे आणि पहाटे निघायचे. माझी सगळी पुस्तके त्या रात्रींच्या भत्त्यातून आली.

एका रविवारी बाबा तिला पुराचा धडा देत होते. मी आत बसलो होतो. पण गोष्ट ओळखीची निघाली, म्हणून कान टवकारले.

तेव्हा मी बारा वर्षांचा असेन. आर्वीला वक्तृत्वस्पर्धा होती. बाबांचीच गाडी होती, म्हणून आईने मला त्यांच्या गाडीत बसवून दिले. भाषणाचा विषय होता 'साहसाचे महत्त्व'. भाषण गुरुजींनी लिहून दिलेले, मी पाठ केलेले. खरांगणा मागे पडले, पाऊस कोसळू लागला, आणि पुढे एका नाल्यावर पुलावरून पाणी चालले होते. बाबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केले. प्रवासी आधी विनवू लागले, मग चिडले. कोणाचे लग्नघर, कोणाचा दवाखाना. एकजण म्हणाला, "भेकड डायवर दिसते." अर्ध्या तासाने एक जीप मागून आली, पाण्यात शिरली आणि सुखरूप पलीकडे गेली. मग तर विचारूच नका. बाबा खाली उतरून पाण्याकडे बघत उभे राहिले. गाडी हलली ती पहाटे. माझी स्पर्धा बुडाली. साहसाचे महत्त्व माझ्या पोटातच राहिले.

जीप बुडाली असती तर गोष्ट किती छान झाली असती! पण ती बुडाली नाही. पूलही वाहून गेला नाही. बाबांचे बरोबर होते, याचा पुरावा त्या रात्री कोणालाच मिळाला नाही, आणि मी तर त्यांना कित्येक वर्षे क्षमा केली नाही.

"पानी घोट्याइतकं हाये का कमरेइतकं, हे पाह्याचंच नाई," बाबा त्या मुलीला सांगत होते. "खाली पूल हाये का नाई, हे दिसून रायलं काय? नाई ना? मंग झालं." जरा थांबून ते म्हणाले, "लोकाइचं आयकू येते, ते सोसवते. पन वरचा आरसा असते ना, त्याच्यात सारी गाडी दिसते. माह्या मागं माहं पोरगं रडून रायलं होतं. आरशात दिसे. मी आरसा फिरवला नाई. फिरवाचा नसते."

उत्तरपत्रिकेवर मी कोणाला किती गुण दिले, ते त्या सकाळी मला आठवत नाही.

आता ती दुसरी गोष्ट. मी नागपूरला एम. ए. ला प्रवेश घेतला तेव्हा अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. वर्गातल्या मुलांचे वडील वकील, डॉक्टर, कुणाचे उपअभियंता. मी लिहिले, 'शासकीय सेवा'. खोटे म्हणाल तर अगदी खोटे नव्हते, अशी मी मनाची समजूत घातली. अर्जावर पालकाची सही हवी होती. बाबा सबंध अर्ज वाचल्याशिवाय सही करीत नसत. तशी त्यांना नोकरीचीच सवय. त्यांनी वाचला, त्या रकान्यापाशी बोट क्षणभर थांबले, आणि त्यांनी सही केली. काही बोलले नाहीत. पुढे लग्नाच्या बोलणीतही मी 'महामंडळात होते' एवढ्यावरच भागवले.

ती मुलगी परीक्षेत उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यवतमाळला माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या उपस्थितीत महिला चालकांच्या प्रशिक्षणाचा आरंभ झाला, तेव्हा बाबांनी ते कात्रण जपून ठेवले. पण 2020 साली साथ आली आणि गाड्याच थांबल्या. ती निवळते तोच 2021 च्या दिवाळीच्या सुमारास कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. मागणी एकच होती : महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा. आगाराच्या आवारात लाल गाड्या ओळीने धूळ खात उभ्या होत्या, आणि आमच्या घरी बाबा रोज संध्याकाळी बातम्या लावून बसत. एके दिवशी दूरदर्शन संचावर विलीनीकरण म्हणजे काय, याची चर्चा चालली होती. बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"एवढं भांडून रायले बिचारे. तू तं मले वीस वर्सांआधीच विलीन करून टाकलं होतं."

ते हसले. मलाही हसावे लागले. ही आतून म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटले, "काही नाही."

एप्रिल 2022 मध्ये संप संपला. विलीनीकरण झाले नाही. त्याच वर्षी 1 जूनला विजेवरची एसटी पुण्याहून नगरला गेली, तिला गिअरच नाहीत, हे ऐकून बाबांनी विचारले, "मंग उतारावर काय करतेत?" मी गूगलवर शोधून सांगितले, त्यांचे समाधान झाले नाही.

एसटीचे चाक बाईच्या हाती आलेले महाराष्ट्राने जून 2023 मध्ये पाहिले. आमच्या मुलीची पाळी त्याच्या पुढल्या थंडीत आली. पेढे घेऊन ती घरी आली ती खाकी गणवेशातच; आजोबांना दाखवायचा म्हणून. बी. ए. च्या पदवीदान समारंभाच्या झग्यात ती मला इतकी ऐटदार दिसली नव्हती. ती खाटेवर बसली, खाट लचकली. मोडक्या पायाला 2019 ची सुतळी अजून तशीच होती.

चाचणीची हकीकत बाबांनी तिच्याकडून तपशीलवार काढून घेतली. गाडी मागे घेणे. चढावर थांबवून पुन्हा उचलणे, तीही वीतभर मागे न घरंगळता. सारे ऐकून त्यांनी एकच विचारले, "शेपूट लागलं काय कुठं?"

"सरावात एकदा," ती म्हणाली. "खांबाले."

"कोन्या बाजूच्या?"

"डाव्या."

"आपल्या अंगनातला डावाच होता," बाबा म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

तिला परतायचे होते. बाबा स्टँडवर पोचवायला निघाले, म्हणून मीही निघालो. यवतमाळची गाडी लागलेली होती. ड्रायव्हरच्या मागची जागा तिने धरली. ड्रायव्हर नवखा पोरगा दिसत होता; त्याने इंजिन सुरू केले, आत बझर वाजू लागला, आणि पाठोपाठ दोन घंट्याही झाल्या. बाबा खिडकीखाली काठी टेकून उभे राहिले, मान जराशी कलती करून. मी म्हटले, "चला बाबा, ऊन लागेल." त्यांनी हाताने मला गप्प केले.

बझर बंद झाला. गाडी हलली.

"चाल आता," बाबा म्हणाले.