सिग्नलला थांबलेली मालगाडी

हॅम्बुर्ग,
नोव्हेंबर

ति. मामा,


मामींनी फोनवर सांगितलं की तुम्ही अजून इकडे यायला तयार नाही. "चर्च आणि पूल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?" असं म्हणालात म्हणे. चर्च आणि पूल राहू द्या. तुम्हाला मी मिनियाटूर वुंडरलांडला घेऊन जाणार आहे. या गावात तुमच्यासाठीच बांधली असावी अशी ही एकच जागा आहे.

इथल्या बंदराला लागून श्पायखरश्टाट नावाची जुन्या गोदामांची पेठ आहे. लाल विटांच्या उंच इमारती, मधून कालवे. एके काळी इथे कॉफी, मसाले, गालिचे यांची साठवण व्हायची. 2015 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. त्यातल्याच एका गोदामात वुंडरलांड आहे, जगातली सगळ्यांत मोठी मॉडेल रेल्वे. रूळ सोळा किलोमीटरच्या आसपास, प्रमाण 1:87. तुम्ही लगेच मनात गुणाकार कराल, म्हणून मीच करून ठेवला: चौदाशे किलोमीटर. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली 1384 होतं, म्हणजे राजधानी एक्सप्रेसचा सगळा मार्ग त्या गोदामात मावला. युरोपचा गेज 1435 मिलिमीटर, म्हणून इथला रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. आपल्या ब्रॉडगेजला एकोणीस लागले असते. उभा माणूस दोन सेंटिमीटरचा, आणि अशी अडीच लाखांहून जास्त माणसं आहेत.

फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन हे जुळे भाऊ याचे जनक. दोघं हॅम्बुर्गमध्ये डिस्कोथेक चालवत. 2000 सालच्या उन्हाळ्यात फ्रेडरिक झुरिकमध्ये फिरताना एका मॉडेल रेल्वेच्या दुकानाशी थबकला, बालपणीचं वेड जागं झालं, आणि त्याने भावाला फोन केला. पुढच्या वर्षी 16 ऑगस्टला दारं उघडलीसुद्धा. सुरुवातीला हार्त्झचे डोंगर, ऑस्ट्रिया आणि क्नुफिंगन नावाचं एक काल्पनिक गाव एवढंच होतं. मग अमेरिका, स्कँडिनेव्हिया, स्वित्झर्लंड, इटली अशी भर पडत गेली. जागा पुरेना, तेव्हा कालव्यावरून पूल टाकून पलीकडच्या गोदामात दक्षिण अमेरिका वसवली. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक येतात.

गर्दी बहुतेक विमानतळापाशी असते. 2011 साली उघडलेला तो भाग आखून बांधायला सहा वर्षं लागली. विमान धावपट्टीवरून वेग घेतं, बारीक दांड्यांच्या आधाराने वर उचललं जातं आणि भिंतीतल्या फटीतून नाहीसं होतं. मुलं टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्या. स्कँडिनेव्हियात तीस हजार लिटर खरं पाणी आहे, त्याला भरती-ओहोटी येते. दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळून रात्र होते आणि घराघरांतले दिवे लागतात. क्नुफिंगनमध्ये अधूनमधून आग लागते आणि बंबांची रांग रस्त्याने धावत सुटते. या मोटारी कशा चालतात ते तुम्हाला सांगायलाच हवं. रस्त्याखाली तार पुरलेली असते आणि मोटारीच्या पुढच्या चाकांपाशी लोहचुंबक. तो तारेमागे जातो आणि चाकं वळवतो. बॅटरी उतरली की गाडी आपणहून चार्जिंगच्या जागी जाऊन उभी राहते.

पण मामा, तुम्ही आलात की मी तुम्हाला या सगळ्याच्या आधी एका साध्या वळणावर उभं करणार आहे. तिथे मालगाडी सिग्नलला थांबते. समोरच्या टप्प्यात दुसरी गाडी असते. ती निघून जाते, मार्ग मोकळा होतो, सिग्नल पडतो, मग ही हलते. हजाराहून जास्त गाड्या संगणकावर चालतात, पण नियम तुमचाच: एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. बाजूचे लोक कंटाळून पुढे सरकतात. मला मात्र तुम्ही दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्हाला सांगायचात ते तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. गाडी चालवणं इंजिनाला जमतं, गाडी थांबवणं ही सगळ्या रेल्वेची मेहनत. हे सांगताना तुमचा आवाज का चढायचा, ते आता कळतं. तुमची उभी हयात त्या थांबण्याची काळजी घेण्यात गेली, आणि प्रवाशांना तुम्ही कधी दिसला नाहीत.

इथे ती माणसं दिसतात, म्हणून ही जागा मला इतकी आवडते. नियंत्रण कक्ष भिंतीआड लपवलेला नाही. ओळीने संगणकाचे पडदे, त्यांच्यासमोर बसलेली माणसं, आणि आपण त्यांच्या पाठीशी उभं राहून बघू शकतो. एखादा डबा रुळावरून उतरला की कुणीतरी येतं, लांब हात करून तो अलगद जागेवर बसवतं. हात पोचत नसेल तर खालून शिरून डोंगराच्या मधोमध वर येतं. आणि धूळ! एवढ्या माणसांच्या कपड्यांवरून येणारी धूळ रुळांवर बसली की चाकाला वीज मिळत नाही, इंजिन अडतं. म्हणून रूळ घासणं, चाकं पुसणं, घरांच्या छपरांवरून कुंचला फिरवणं रोज चालू. गँगमनची पाळी इथेही चुकलेली नाही.

सगळंच खरं प्रमाणात आहे असं समजू नका. मॅटरहॉर्नचं शिखर 4478 मीटरचं. 1:87 ने केलं तर एक्कावन्न मीटर होईल. इथे ते सहा मीटरच्या आतच आटोपलंय, दोन मजले मिळून. मला ते खटकत नाही. मैदानापेक्षा घाट मोठा वाटला की पुरे.

तुम्ही मला कोथरूडच्या जोशींच्या रेल्वे म्युझियममध्ये नेलं होतंत, ते मी विसरलेले नाही. भाऊ जोशींनी हौसेने वाढवलेलं ते छोटं शहर 1998 पासून लोकांना खुलं आहे. हॅम्बुर्ग पाहिल्यावर त्याचं मोल माझ्या लेखी वाढलं. इथे शेकडो पगारी माणसं राबतात. तिथे एका माणसाचं वेड होतं आणि आजूबाजूला या छंदाची बाजारपेठसुद्धा नव्हती.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. जानेवारीत ठरलेल्या दिवसांत कुणी तिकीटखिडकीशी येऊन "मला परवडत नाही" एवढं म्हटलं तरी आत सोडतात. कागद मागत नाहीत.

भारत मात्र इथे नाही. आपला भोर घाट इथे असायला हवा होता असं मला फार वाटतं. 37 फुटांना एक फूट चढ, कर्जतला मागून लागणारी बँकर इंजिनं, ठाकूरवाडी, मंकी हिल, बोगद्यामागून बोगदे, आणि उतारावर गाडी आवरली नाही तर तिला वर चढवून थांबवणाऱ्या कॅच सायडिंग. यांच्या आल्प्सला तो सहज पुरून उरेल. आम्ही घरी पोटमाळ्यावर त्याचा एक तुकडा करायला घेतलाय, फक्त कर्जतचं यार्ड आणि पहिला बोगदा. जुने फोटो मिळतात, पण सांधे कुठे होते, केबिनमधून काय दिसायचं, बँकर कुठल्या लाईनवर वाट बघत उभे असायचे, हे फोटोत कळत नाही. ते तुम्ही कागदावर काढून द्या. मोजमापाची चिंता नको, आठवेल तसं काढा.

पासपोर्टचं काम लवकर करा. वुंडरलांडची वेळ आधी ठरवून घेतलेली बरी. जानेवारीतल्या मधल्या वारांना, संध्याकाळी उशिरा गर्दी विरळ असते, थंडी मात्र असेल, मामींना जाड मोजे घ्यायला सांगा. तारखा कळवा, तिकिटं मी काढते.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
मृणाल