कोपराची वही

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमची आठ वर्षांची धाकटी शेजारच्या अंगणातल्या पेरूच्या झाडावरून पडली. उजवा हात टेकून पडली आणि दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडले. लहान मुलांच्या कोपरात हीच मोड सर्वांत जास्त आढळते, असे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले. त्यांनी हाड बसवून प्लॅस्टर घातले आणि बजावले, "बोटे थंड पडली, निळी झाली किंवा बोट सरळ करताना पोर ओरडली, तर रात्री दोनलासुद्धा घेऊन या." घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा अडला तर हात कायमचा लुळा पडू शकतो. त्या रात्री पत्नी आणि मी आळीपाळीने तिची बोटे चाचपत जागलो.

चार आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. मला वाटले, सुटलो! पण हात काटकोनातच आखडलेला. ना सरळ होई, ना तोंडापर्यंत जाई. पोरगी डाव्या हाताने जेवू लागली. डॉक्टरांनी व्यायामोपचार विभागाची चिठ्ठी दिली. तो विभाग सकाळी दहा ते एक उघडा. माझे ऑफिस दहाचे, त्यात ऑडिट चालू, पत्नीची अंगणवाडीही सकाळची आणि रविवारी माझ्या बैठका. चिठ्ठी खिशातच राहिली.

आईला ते बघवेना. तिने नातीला जवळच्या गावातल्या मालीशवाल्याकडे नेले. त्याने गरम तेलाने रगडले, हात ओढला आणि घरी पाण्याची बादली लटकवायला सांगितले. चार दिवसांनी मला कळले, तेव्हा कोपर सुजून लाल झाले होते आणि होता तेवढाही हात वाकत नव्हता.

मी सभांमधून गंड्यादोऱ्यांविरुद्ध तावातावाने बोलतो. त्या तावात आईवर ओरडलो. ती एवढेच म्हणाली, "तुला वेळ न्हाई बाबा. पोर डाव्या हातानं जेवती, मी काय करू?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. एक्स-रे काढला. व्यायामोपचाराच्या बाईंनी समजावले की, मार बसल्यावर कोपरापुढच्या स्नायूत रक्त साकळलेले असते. त्यावर रगडले, जोराने ओढले, तर तिथे पुन्हा इजा होते आणि कधी कधी त्या स्नायूतच हाड धरते. मग सांधा पक्का अडतो. आमच्या नशिबाने तसे झाले नव्हते. नशीब हा शब्द मला आवडत नाही, पण त्या दिवशी दुसरा सुचला नाही.

उपाय इतका साधा की, माझा विश्वास बसेना. सूज उतरेपर्यंत विसावा. मग कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवायचा. उताणे झोपून हात तिने स्वतःच हळूहळू वाकवायचा, सरळ करायचा. दुसऱ्या कोणी ओढायचा नाही. कोपर अंगाशी धरून, मुठीत पेन्सिल घेऊन तळवा वर, तळवा खाली. दहा-दहा वेळा, दिवसातून चारदा. ताण जाणवला तर चालेल, पण दुखणे मागे रेंगाळता कामा नये. वजन उचलायचे नाही. मुलांचा सांधा वापरानेच मोकळा होतो. मोठ्यांचा लवकर आखडतो, म्हणून त्यांनी हालचाल कधी सुरू करायची हे डॉक्टरांनाच विचारावे, असे बाई म्हणाल्या.

मी बी.कॉम.चा माणूस. वही घातली. दर रविवारी हात वाकवून मनगटापासून खांद्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. बऱ्या हाताचे 13 सेंटीमीटर. दुखऱ्याचे पहिल्या रविवारी 27. पुढच्याही रविवारी 27! मी खचलो, पोरगी नाही. मग 25, 23. सकाळचा व्यायाम मी घ्यायचो, दुपारचे दोन आई. तिला मोजता येत नाही म्हणून ती दहा चिंचोके घेऊन बसायची. एक वाकवणे, एक चिंचोका. रविवारच्या बैठका मी संध्याकाळी ढकलल्या. काही कार्यकर्ते नाराज झाले, अजूनही आहेत.

पाचव्या आठवड्यात 18 ची नोंद आहे. त्या दुपारी तिने भाताचा घास उजव्या हाताने तोंडात घातला. अर्धा सांडला. आई चिंचोके टाकून बाहेर गेली ती बराच वेळ आत आली नाही.

चार महिन्यांनी आकडा 14 वर आला आणि तिथेच थांबला. आजही नीट पाहिले तर हात किंचित वाकडा राहतो. बाई म्हणाल्या, कामाला अडणार नाही, आणि अडतही नाही. ती वेणी स्वतः घालते. रविवारी आजीचे डोकेही तीच विंचरते.